शेवटचे दोन आकडे

आमच्या साहेबांना कधी उकडलं नाही. नागपुरात राहून, तेही मे महिन्यात, हे जमवायला माणूस एक तर संत असावा लागतो, नाही तर हेड ऑफिसला दरमहा तापमानाचा तक्ता पाठवणारा असावा लागतो. साहेब दुसऱ्या प्रकारात मोडत. कुणी रुमालानं मान पुसत "काय उकाडा आहे हो साहेब" म्हणालं, की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "किती?"

या 'किती'पुढे भले भले गप्प होत. आमचा शिपाई बाबूराव एकदा डोळे लाल करून, कानाला मफलर गुंडाळून रजा मागायला आला.

"साहेब, ताप आला जी."

"किती?"

"लय आहे जी."

"लय हा आकडा नाही, बाबूराव."

बाबूराव बिचारा तसाच उन्हातून दवाखान्यात गेला, चिठ्ठीवर १०२ लिहून आणलं, तेव्हा कुठं त्याला घरी जायला मिळालं. माझे मामा वारले त्या दिवशी मी रजा मागायला गेलो, तर त्यांच्या तोंडून सवयीनं "किती?" एवढंच बाहेर पडलं. मग त्यांचं त्यांनाच कसंसं झालं असावं, कारण जरा थांबून त्यांनी "किती वय होतं?" असं ते वाक्य पुरं केलं. एवढी माणुसकी त्यांच्यात होती, हे नोंदवून ठेवतो. पुढे फारशी संधी मिळणार नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली. आमच्या खात्यात संगणक आला तेव्हा तो सांभाळायचा कुणी, असा प्रश्न पडला. खात्यात संगणक शिकलेला माणूस एकही नव्हता, म्हणून ज्येष्ठता बघितली गेली. ज्येष्ठतेत पहिले निघाले साहेब, आणि साहेबांची उभी नोकरी गेली होती रेकॉर्ड सेक्शनमध्ये. वीस वर्षं त्यांनी फायलींना दोऱ्या बांधल्या होत्या. तिथून ते दोनच गोष्टी घेऊन आले. एक म्हणजे कागदावरच्या धुळीनं होणारा खोकला, आणि दुसरी म्हणजे "तोंडी काही नसतं" हे वाक्य. चहा सांगितला होता असं कँटीनवाल्यानं म्हटलं, तरी ते विचारत, "चिठ्ठी आहे?" माणूस बोलतो तो वारा, लिहितो ते खरं, अशी त्यांची सरळ वाटणी होती. त्यामुळे तोंडी ते काहीही बोलत. खोटंसुद्धा बोलत, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. लिहिताना मात्र टाक हातात धरून देवापुढे बसल्यासारखे बसत.

मशीनरूमचा थाट काही वेगळाच होता. चपला बाहेर. कांदासुद्धा बाहेर. उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून आम्ही सगळेच खिशात कांदा ठेवत असू, तर साहेबांनी दाराशी एक टोपली ठेवली होती आणि त्यात कांदे जमा करून मगच आत जावं लागे. स्वतः साहेब स्कूटरवरून डोक्याला दुपट्टा गुंडाळून येत, दुपट्टा सोडून खुंटीला लावत आणि त्याच खुंटीवरचा मरून रंगाचा स्वेटर अंगात चढवत. आत एसी आहे म्हणजे आत थंडी आहे, आणि थंडी आहे म्हणजे स्वेटर पाहिजे. बाहेर शेहेचाळीस आणि आत साहेब गळ्यापर्यंत बटणं लावून उभे, हे दृश्य बघायला दुसऱ्या खात्यांतली माणसं मुद्दाम येत.

मशीन युनिक्सवर चालायचं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. मदरबोर्डाजवळ एक इवलासा सेन्सर होता, आणि कन्सोलवर चार अक्षरं टाइप केली की आतलं तापमान पडद्यावर यायचं. पंचवीस, अठ्ठावीस, कधी तीस. ऑपरेटरनं दर तासाला तो आकडा रजिस्टरात लिहायचा, साहेबांनी दुपारी आणि संध्याकाळी सही करायची. पस्तीसच्या वर गेलं तर मशीन बंद करायचं, हा हेड ऑफिसचा नियम भिंतीवर चिकटवला होता.

मग आली खंडेनवमी. लोहाराच्या भात्यापासून एसटीच्या बसपर्यंत सगळ्यांची पूजा होते, तर संगणकाची व्हायलाच पाहिजे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण साहेबांना मशीनच्या पत्र्याच्या दाराची पूजा पसंत पडेना. "पूजा मशीनची आहे, पत्र्याची नाही," असं म्हणून त्यांनी मागचं झाकण उघडायला लावलं, मदरबोर्डाच्या कडेला कापसानं हळदकुंकू टेकवलं आणि झेंडूची एक लांबलचक माळ आतल्या तारांवर चढवली. नारळ सुदैवानं बाहेरच फोडला. आमच्या ऑपरेटर मेश्रामबाई पूजेला आत आल्या नाहीत. त्या बौद्ध, आदल्या वर्षीही आल्या नव्हत्या, आणि त्यांना कुणी आग्रह करत नसे. बाहेर उभ्या राहून त्यांनी पेढा घेतला, "झालं का जी?" विचारलं आणि सगळे पांगल्यावर आत जाऊन माळ काढली. माळ निम्मी आली, निम्मी तुटून आत राहिली.

दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं, कन्सोलवर चार अक्षरं टाइप केली, तर पडद्यावर आलं १२७.

साहेबांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मेश्रामबाई म्हणाल्या, "साहेब, शंभरावर तं पाणी उकळते. आत एकशे सत्तावीस असतं तं धूर नसता निघाला का जी?"

"ते पाणी आहे," साहेब म्हणाले. "हे मशीन आहे."

त्यांनी एसी वाढवला. १२७. मशीन रात्रभर बंद ठेवून सकाळी लावलं. १२७. दार उघडं ठेवलं, पंखा लावला, बाबूरावला पुठ्ठ्यानं वारा घालायला बसवलं. बाबूराव तासभर वारा घालून म्हणाला, "साहेब, याचं तं उतरतच नाही. दवाखान्यात न्यावं लागते काय?" कंपनीच्या इंजिनिअरला मुंबईला पत्र गेलं. उत्तर आलं की आधी तीन महिन्यांच्या तासागणिक नोंदी पाठवा, मग बघू.

मी तेव्हा साहेबांच्या हाताखाली सहायक होतो. इंग्रजी मॅन्युअल वाचायचा मला नाद होता, आणि तिसऱ्याच दिवशी मला त्यात ती ओळ सापडली. सेन्सरची तार जोडलेली नसेल तर यंत्र आपला सगळ्यात मोठा आकडा दाखवतं, आणि तो आकडा १२७. म्हणजे ताप वगैरे काही नव्हता. पिन निसटली होती, बस. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "लेखी द्या."

लेखी द्यायचं म्हणजे काय लिहायचं? की पूजेत माळ अडकून तार निघाली? साहेबांच्या पूजेत? माझा गोपनीय अहवाल साहेब लिहायचे, आणि त्या वर्षी मला पुण्याच्या ट्रेनिंगला जायचं होतं. मी म्हटलं, बघतो. आणि मी बघत राहिलो. झाकण उघडून दोन बोटांनी पिन बसवायची तर तेही साहेबांच्या परवानगीशिवाय करता येत नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आता पेच असा की रजिस्टरात तापमानाच्या रकान्यात चौकोन दोनच होते. छापताना कुणाच्या स्वप्नातही तीन आकडे आले नसणार. मेश्रामबाई पेन हातात घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "एकशे सत्तावीस लिहू कुठं जी?" नवं रजिस्टर छापून घ्यायचं तर मंजुरी लागणार, मंजुरीला सहा महिने. साहेबांनी डोळे मिटले आणि त्या दिवशी त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी माझ्या टेबलावरून शब्दन् शब्द ऐकलं.

"हे बघा बाई, शंभर तर कायमचाच आहे. तो कुठं जाऊन नाही राहिला. जे कायम आहे ते रोज काहून लिहायचं? बदलते तेवढंच लिहा. शेवटचे दोन आकडे."

"तसं लिहून देता का जी?"

"एवढ्याशा गोष्टीला लेखी कशाला?" साहेब म्हणाले. त्यांच्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी एकदाच उच्चारलं असेल.

बाईंनी लिहिलं, २७. पुढच्या तासाला २७. रात्रपाळीनंही २७. 'बदलते तेवढं लिहा' म्हणावं तर बदलत काहीच नव्हतं. पानामागून पान सत्तावीस, खाली साहेबांची सही. आठवडाभर ते सही करताना "म्हणजे एकशे सत्तावीस हं" असं पुटपुटत. नंतर ते पुटपुटणं थांबलं. कागदावर रोज सत्तावीस दिसत होतं आणि कागदावरचं खोटं मानायची त्यांना सवय नव्हती. दिवाळी उलटेपर्यंत शंभर त्यांच्या डोक्यातून साफ गेला. इंजिनिअरला पाठवायच्या नोंदी राहूनच गेल्या, कारण सत्तावीसची तक्रार काय करणार?

कळस हेड ऑफिसनं चढवला. सगळ्या केंद्रांमध्ये नागपूरचं तापमान सर्वात स्थिर आहे, याबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं. लेखी! साहेबांनी ते फ्रेम करून टेबलामागे लावलं. पाहुणा आला की त्याला मशीनरूममध्ये नेत आणि स्वेटरच्या बाह्या ओढत सांगत, "बाहेर काय वाटेल ते असो. आत सत्तावीस." आम्ही त्यांचं नावच 'सत्तावीस' पाडलं. "सत्तावीस आले का रे?" "सत्तावीस रागावलेत." त्यांच्या नकला करण्यात माझा हात कुणी धरत नसे. कँटीनमध्ये मी स्वेटरची बटणं लावल्याचा अभिनय केला की लोक चहा सांडेस्तोवर हसत. मेश्रामबाई एकट्या हसत नसत.

त्यांना हसणं परवडत नव्हतं. कळमेश्वरच्या एका शाळेतली पक्की नोकरी सोडून त्या इथं आल्या होत्या. दोन वर्षांचं प्रोबेशन होतं, ते जुलैत संपणार होतं. त्या कायम झाल्या तर ठीक, नाही झाल्या तर शाळाही गेली आणि हेही गेलं. नवरा हिंगण्याला एका कारखान्यात पाळीनं जायचा, तो कारखाना आज चालू तर उद्या बंद. घर बाईंच्या नोकरीवर उभं होतं, आणि हे त्या कुणाला सांगत बसत नसत. एकदा फक्त मला म्हणाल्या होत्या, "सर, जुलैपर्यंत काही होऊ नये, बस."

व्हायचं ते मेमध्ये झालं. नरखेड-काटोलकडच्या संत्राबागांच्या पाहणीचे फॉर्म तीन आठवडे मशीनमध्ये भरणं चाललं होतं आणि ते टेपवर उतरवून ठेवायचं काम पुढच्या सोमवारी ठरलं होतं. दुपारी एकच्या सुमाराला एसी घरघरला आणि थांबला. मिस्त्री संध्याकाळी येतो म्हणाला. दोन वाजता मेश्रामबाई साहेबांना बोलावून घेऊन आल्या. मीही मागोमाग गेलो.

"साहेब, पत्र्याले हात लावून पाहा ना जी. भाजून राहिलं."

"हात म्हणजे काही यंत्र नव्हे, बाई. रीडिंग काय आहे?"

"एकशे सत्तावीस."

"म्हणजे?"

बाईंनी उघड्या रजिस्टराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे सत्तावीस."

"मग?"

"मले वाटते बंद करावं जी. जळून जाईल."

"नियम पस्तीसचा आहे. सत्तावीसला मशीन बंद केलं तर वर काय लिहून पाठवू? बाईंचा हात भाजला?" असं म्हणून साहेबांनी रजिस्टर पुढं ओढलं. अंगात तो स्वेटर होताच. कपाळावरून ओघळ निघाले होते, चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब बरोबर दोन वाजताच्या चौकोनावर पडला. तो त्यांनी टिपकागदानं टिपला आणि शेजारी सही केली.

मला तो आकडा कशाचा आहे हे माहीत होतं. मी तोंडी सांगितलेलं साहेबांनी केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं, म्हणजे त्या खोलीत ते माहीत असणारा मी एकटाच होतो. मी म्हणालो, "एसीचा मिस्त्री जरा लवकर येतो का, बघतो," आणि बाहेर आलो.

चारच्या आत जळक्या रबराचा वास सुटला आणि सगळे पडदे एकदम काळे झाले. तीन आठवड्यांच्या संत्राबागा गेल्या.

इंजिनिअर आता मात्र पत्राशिवाय आला. त्यानं मागचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि चिमट्यानं काहीतरी काळपट, वाळकं बाहेर ओढलं. त्याच्या टोकाला सेन्सरची पिन लोंबत होती.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"निर्माल्य," बाबूराव म्हणाला.

हेड ऑफिसहून चौकशीला एक अधिकारी आले. शांत माणूस, आवाज न चढवणारा. त्यांनी इंजिनिअरकडून दुसऱ्या एका बोर्डावरची तार काढून दाखवायला सांगितली. पडद्यावर १२७ आलं. "दसऱ्यापासून हाच आकडा येत असणार," ते म्हणाले. "मग रजिस्टरात सात महिने सत्तावीस कसे?"

त्यांच्यापुढे आम्ही तिघं होतो, साहेब, मेश्रामबाई आणि मी. साहेब उठून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होतो. डोळ्याची पापणी न हलवता ते म्हणाले, "नोंदी ऑपरेटरनं चुकीच्या केल्या. त्या दिवशीची ड्युटी मेश्रामबाईंची होती."

बाई पुढं झाल्या. "साहेब, तुम्हीच तं सांगतलं होतं ना जी, शेवटचे दोन आकडे लिहा म्हणून."

"लेखी आहे?" साहेबांनी विचारलं.

अधिकारी माझ्याकडे वळले. "तुमच्यासमोर असा काही आदेश दिला गेला होता?"

मला साहेबांची अशी चीड आली होती की तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. साहेब बघतसुद्धा नव्हते. मी म्हणालो, "मला नक्की आठवत नाही."

"ठीक आहे," अधिकारी म्हणाले. "तिघांनीही लिहून द्या."

माझं पाच मिनिटांत झालं. 'सदर बाबीविषयी मला काही माहिती नाही.' खाली सही, तारीख. बाईंनी एक पानभर लिहिलं आणि त्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या. साहेबांनी कोरे कागद घेतले, आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

तास झाला, दोन तास झाले. बाबूराव पाणी द्यायला आत जाऊन आला आणि म्हणाला, "साहेब काही लिहूनच नाही राहिले. एक ओळ लिहिते, खोडते. तीन कागद फाडले त्यायनं." आम्हाला वाटलं, पळवाट शोधताहेत. मी तर बाबूरावला हळूच म्हटलंसुद्धा, "तापमान पाहून लिहीत असतील." बाबूराव हसला नाही.

पाचला साहेब बाहेर आले. स्वेटर नव्हता. शर्ट पाठीला चिकटला होता, बोटांना शाई लागली होती. त्यांनी कागद अधिकाऱ्यांपुढे ठेवला. अधिकाऱ्यांनी तो आधी मनात वाचला, मग आम्हाला तिघांना समोर बसवून मोठ्यानं वाचला.

'तापमानाचे फक्त शेवटचे दोन अंक नोंदवावेत असा आदेश मी स्वतः दिला होता. ऑपरेटरने तो लेखी मागितला असता मी दिला नाही. दि. रोजी मशीन बंद करण्याची तिची विनंती मी नाकारली. आदेश दिला त्या वेळी सहायक समोर हजर होते. आज मी तोंडी जे सांगितले ते खरे नाही.'

तारखेची जागा कोरी होती. अधिकाऱ्यांनी विचारल्यावर साहेबांनी ती रजिस्टर बघून भरली. मग ते म्हणाले, "बोलता आलं. लिहिता आलं नाही," आणि खोकत खोकत स्कूटरकडे गेले.

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. तिन्ही कागद त्यांनी टाचणी लावून फायलीत घातले.

साहेबांची बदली परत रेकॉर्ड सेक्शनला झाली आणि त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. मी पुण्याच्या ट्रेनिंगला जाऊन आलो. माझ्यावर कसलाच ठपका आला नाही. साहेबांची नक्कल मात्र मला पुन्हा जमेना. एकदा कँटीनमध्ये सगळ्यांनी आग्रह केला, तेव्हा मी बटणांपर्यंत आलो आणि थांबलो.

मेश्रामबाई जुलैत कायम झाल्या. त्या दिवशी त्यांनी संत्रा बर्फीचा डबा आणला आणि टेबलाटेबलाशी जाऊन स्वतः वाटली. कायम झाल्यावर आपली सेवेची फाइल बघून तिच्यावर सही करावी लागते, ती त्या सकाळीच करून आल्या होत्या. माझ्यापुढे त्यांनी डबा धरला. मी बर्फी घेतली आणि अभिनंदन केलं.

"फाइल पाहिली जी मी," त्या म्हणाल्या. "तिघायचे कागद आहेत तिच्यात. साहेबायच्या कागदावर लय खाडाखोड आहे. वाचताच येत नाही धड."

मी मान हलवली.

"तुमचं अक्षर सुंदर आहे सर. एकसुद्धा काट नाही."

आणि डबा घेऊन त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.